अकराचा लाल दिवा

कॉलेजच्या वाचनालयात हवा तपासणारं यंत्र बसवलं आणि पहिल्याच दिवशी बरोबर अकराला ते लाल होऊन पीं-पीं करू लागलं. ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसलेल्या ग्रंथपालबाई दचकल्या. सलग चार दिवस लाल दिवा लागला तर खोलीला कुलूप, असा नियम होता. आणि परीक्षा तोंडावर आलेली.

“गर्दी फार होते,” शिपाई म्हणाला. दुसऱ्या दिवशी बाईंनी निम्मी मुलं व्हरांड्यात बसवली. अकराला पीं-पीं.

“मग जुन्या पुस्तकांचा वास असणार.” तिसऱ्या दिवशी दोन कपाटं बाहेर निघाली. शिपायाची कंबर धरली. अकराला पीं-पीं.

शेवटी त्याच दिवशी तंत्रज्ञ आला. हातातलं छोटं यंत्र सगळीकडे फिरवत तो कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी थांबला. तिथे गणिताचे निवृत्त सर पुस्तक उघडून बसले होते. ते रोज पावणेअकराला येत आणि पुटपुटत वाचत. भिंतीवरचं यंत्र त्यांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर होतं.

“बाई, सापडलं. सर थेट यंत्राच्या तोंडावर श्वास सोडतायत. त्यात खिडक्या बंद, म्हणजे हवा आधीच काठावर. एक खिडकी उघडा ना.”

“खिडकीचं नाव काढू नका! अकरा वर्षांत पुस्तकांवर धुळीचा कण बसू दिलेला नाही मी.”

“मग यांना गप्प वाचायला सांगा.”

सर ओशाळले. “प्रयत्न करतो हं.” त्यांनी ओठ घट्ट मिटले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पान काही उलटेना.

“काय झालं, सर?” बाईंनी हळूच विचारलं.

“ओळ सुटते. आमच्या हिला दिसत नव्हतं ना, अडतीस वर्षं मोठ्यानेच वाचलं. ही कादंबरी अर्धी राहिली होती...” त्यांनी पुस्तक मिटलं. “राहू दे. माझ्यापायी पोरांची खोली बंद नको. उद्यापासून नाही येत मी.”

ते काठी शोधू लागले. बाईंनी ती आधीच उचलली होती.

“जाताय कुठे? तुमची खुर्ची माझ्या टेबलाशी आणते. यंत्रापासून लांब. आणि हळू वाचा, मला काम असतं.”

“मी हे छोटं यंत्र टेबलावर ठेवून जातो,” तंत्रज्ञ म्हणाला. “खात्रीसाठी.”

चौथा दिवस. अकरा वाजले. शिपायाने कंबर सावरत भिंतीकडे पाहिलं. हिरवा दिवा. सव्वाअकराला सर पान उलटायला थांबले.

“मग? आली का नायिका परत?” बाईंनी विचारलं. समोर कोरी कार्डं तशीच पडली होती.

“सांगतो ना. पण तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं, येऊ नये. तो माणूसच धड नाही. पहिल्या पानापासून सांगते—”

पीं-पीं-पीं!

टेबलावरचं छोटं यंत्र लालबुंद झालं होतं. साऱ्या मुलांनी माना वर करून आधी बाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या डोक्यावरच्या पाटीकडे.

बाई उठल्या. मागच्या खिडकीची कडी गंजली होती. दोन धक्क्यांत निघाली. वारा आत आला आणि त्याच्याबरोबर धूळही. बाईंनी पदराने सरांच्या पुस्तकाचं पान पुसलं.

“वाचा पुढे,” त्या म्हणाल्या.