चंपालालशेठच्या मधमाश्या

ईशान आणि मीरा, परवा व्हिडिओ कॉलवर माझी तब्येत विचारायची सोडून तुम्ही विचारलंत की आजी, तुझ्या मागे भिंतीपलीकडे स्वेटर घालून कोण बसलंय? तुमच्या वडिलांनी मध्येच सांगून टाकलं की ती पेटी आहे आणि शेजारच्या आजोबांना वेड लागलंय. तुमच्या वडिलांना लहानपणापासून कुठलीच गोष्ट पहिल्यापासून सांगता येत नाही. म्हणून मीच लिहिते, आणि क्रमाने लिहिते.

ती मधमाश्यांची पेटी आहे. स्वेटर चंपालालशेठचा आहे. तपकिरी, पुढे बटणांचा, त्यांच्या बायकोने, कमलाभाभींनी विणलेला. पेटीला आधी गोणपाट गुंडाळलेलं असतं, त्यावर स्वेटर, बाह्या मागे गाठ मारून बांधलेल्या आणि माश्यांच्या ये-जा करण्याच्या फटीसमोरची दोन बटणं उघडी. शेठ स्वतः मात्र सुती सदऱ्यात कुडकुडत उभे असतात. धुळ्याची थंडी तुमच्या बर्फापुढे काहीच नाही, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडची घरं, माणसं आणि माश्या उन्हाळा सोसायला घडवलेल्या असल्यामुळे डिसेंबरात सगळ्यांचीच फजिती होते.

शेठचं गल्लीच्या तोंडाशी साड्यांचं दुकान आहे. आता मुलगा राजेश बसतो. शेठचं काम एकच उरलं आहे: नियम पाळणं आणि इतरांना त्याची आठवण करून देणं. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, सूर्य मावळल्यावर तोंडात काही नाही. "नियम तो नियम, मॅडम," असं ते मला शेकडो वेळा म्हणाले आहेत; मी कॉलेजात मुलांना इंग्रजी व्याकरण शिकवतानाही इतकी ताठर नव्हते. मी स्वयंपाकघरात कांद्याची भजी तळायला घेतली की शेठच्या घराची माझ्या बाजूची खिडकी धाडकन बंद व्हायची. कमलाभाभी गेल्यानंतर तर जास्तच जोरात. मी ते माझ्या भज्यांवरचं मत समजत असे.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी दुकानाच्या जिन्याखाली मधमाश्यांचं पोळं बसलं. गल्लीतले पराक्रमी पुरुष मशाल घेऊन आले. शेठ जिन्यासमोर आडवे उभे राहिले. जीवहत्या होऊ देणार नाही म्हणाले. मग भडगावहून मधमाश्या पाळणारे एक भाऊ बोलावले. त्यांनी हलक्या हाताने पोळं काढून पेटीत बसवलं आणि मध कधी, कसा काढायचा ते समजावू लागले. शेठनी कानावर हात ठेवले. मधही नियमात बसत नाही. खायचा नाही, विकायचा नाही, काढायचा तर नाहीच. अशा रीतीने मधाशी काहीही संबंध नसलेले मधमाशीपालक आपल्या गल्लीला लाभले. खोकल्याला चमचाभर मध मागायला कोणी बाटली घेऊन आलं तर शेठ त्याला हळद घातलेलं दूध प्यायला सांगत आणि बाटली रिकामी परत पाठवत.

पोळं उशिरा आलेलं. थंडीपुरता मध साठवायला माश्यांना वेळच मिळाला नव्हता. भडगावच्या भाऊंनी फोनवर सांगितलं की साखरेचा पाक पेटीच्या आत ठेवा आणि अंधार पडताना ठेवा, माश्या घरी परतल्यावर. शेठना धक्का बसला. सूर्यास्तानंतर जेवण? त्यांच्या परसात? माश्यांचं धर्मांतर त्यांनी परस्पर उरकलेलं होतं. ते भर दुपारी पाकाची थाळी पेटीसमोर उघड्यावर मांडू लागले. पंगत बघून गावभरच्या परक्या माश्या आल्या. त्यांनी थाळी तर चाटलीच, वर पेटीत शिरून होता तो मधही लुटला. पेटीसमोर मेलेल्या माश्यांचा सडा पडला. शेठनी प्रत्येक माशी कागदावर उचलून तुळशीशेजारी ठेवली. नियम मात्र हलला नाही.

थंडी वाढली तशी पेटी हलकी होत गेली. शेठ रोज सकाळी ती एका बाजूने जरा उचलून बघत आणि खाली ठेवत. मग गोणपाट आलं, मग स्वेटर आला. भडगावचे भाऊ म्हणाले, उबेने भूक भागत नाही, आसपास फुलं नसतील तर हे पोळं संक्रांत बघत नाही.

फुलं होती. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या शेवंताअक्काच्या भावाचं शेत शिंदखेड्याजवळ आहे. त्याने कांद्याचं बी धरलं होतं आणि सगळं वावर पांढऱ्या गोंड्यांनी भरून गेलं होतं. त्यालाही माश्या हव्याच होत्या, माश्यांशिवाय बी भरत नाही. अक्काने भिंतीवरून शेठना सुचवलं. शेठनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्यांच्या नातवंडांना गुत्त्यावर पाठवायला सांगितलं आहे.

"कांदा?" शेठ म्हणाले. "माझ्या माश्या कांद्यावर बसणार?"

अक्काने हात धुतले, पदराला पुसले. "बठ्ठ्या मरी जातीन शेठ," ती शांतपणे तिच्या अहिराणीत म्हणाली; बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. "मंग तुमना नियम कोनले सांगशात?"

शेठ घरात निघून गेले. पुढचे काही दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत, माझ्याशीही नाही. दुकानातही गेले नाहीत. स्टूल टाकून पेटीला कान लावून बसत. आतली गुणगुण ऐकू येते का बघत.

एका संध्याकाळी, दिवस मावळता मावळता, मी भजी तळत होते. खिडकी आपटल्याचा आवाज आला नाही म्हणून वर पाहिलं. शेठ पलीकडे खिडकीत उभे होते.

"मॅडम, कांद्याची का?"

"हो. लावून घ्या खिडकी."

त्यांनी लावली नाही. माझ्या कढईकडे बघत राहिले.

"राजेशच्या आईने मागितलं होतं," ते म्हणाले. "शेवटच्या थंडीत. काही खात नव्हती. तुमच्याकडून वास आला तर म्हणाली, एक आणून द्या. एकच."

मी गॅस बारीक केला.

"मी म्हटलं, नियम तो नियम. खिडकी लावून घेतली. तिने पुन्हा मागितलं नाही."

आतापर्यंत मी या माणसाला पुष्कळ टोमणे मारले होते. त्या वेळी मी कढईखालचा गॅस बंद केला.

"अक्काला सांगा," शेठ म्हणाले, "भावाला फोन कर म्हणावं."

अंधार पडल्यावर सगळ्या माश्या आत आल्या, तेव्हा शेठनी स्वतः फट जाळीने बंद केली. पहाटे टेम्पोत पेटी मांडीवर धरून बसले. स्वेटरसकट. कांदा मार्केटवरून जायला लागू नये म्हणून रिक्षावाल्याला लांबून वळायला लावणारा हा माणूस सगळा मोसम कांद्याच्या वावरात खुर्ची टाकून बसला होता. घरून नेलेला डबा दिवसाउजेडी संपवायचा आणि गोंड्यांवर माश्या बसलेल्या बघायचा. अक्काचा भाऊ सांगत होता, पहिले दोन-तीन दिवस शेठनी नाकाला रुमाल धरला होता, मग तो खिशात गेला. त्याने प्रेमाने वानोळा म्हणून कांद्यांची पिशवी भरून दिली. शेठनी ती परत केली. स्वतःसाठीचे नियम जागच्या जागी होते.

यंदा पेटीला पुन्हा स्वेटर चढला आहे. कोपर जरा उसवलं आहे. पाक आता आत ठेवतात, दिवेलागणीनंतर. शेठ स्वतः त्या वेळी पाणीसुद्धा पीत नाहीत.

माश्या जगल्या आहेत. तुम्ही पाहिलंत ते त्यांचंच घर. मी आजही भजी तळली. शेठची खिडकी उघडी होती.