थोरल्या गाडीची स्वारी

वाचणारांस दंडवत. ज्यांचे लेकरास पाय दोन असोनही वाट सरत नाही, त्यांस दंडवत विशेष. पूर्वी थोरांनी गड घेतले, नद्या उतरले, ते लिहिणारांनी लिहोन ठेविले. परंतु साडेनऊ वर्षांचे लेकीस बसावयाजोगी गाडी मिळवावयास एका घराने काय श्रम केले, हे कोणी लिहिले नाही. सबब पदरचे न घालिता, मीठ मात्र चवीपुरते घालोन, जैसे घडले तैसे लिहितो.

तिसरे मजल्यावर दोन खोल्यांचे एक राज्य होते. तेथील मातोश्री शिवणयंत्राच्या धनी, तमाम गल्लीच्या विजारी आखूड करणाऱ्या; आणि पिताजी मोटार शिकवणाऱ्या शाळेचे उस्ताद, ज्यांचे पायाखाली जादा ब्रेक आणि जिभेवर सदैव सबुरी. त्या दोघांवर हुकूमत एका लेकीची. तिला सारे बाईसाहेब म्हणत. बाईसाहेबांचे स्नायू उपजत नरम. तीस-चाळीस पावले चालोन जात, मग जेथे असत तेथेच, दुकानाचे उंबऱ्यावर म्हणा की भररस्त्यात म्हणा, आपलाच मुलूख समजोन बैठक मारीत. मुखाने बोलत नसत. होकार असता छातीवर तळहात दोनदा थोपटीत, नकार असता सारे अंग फळीसारखे ताठ करीत. या दुसऱ्या फर्मानावर अपील नव्हते.

स्वारीस आत्याबाईंनी दिलेली बाबागाडी होती. ती तिसरे वर्षी दिलेली; पुढे बाईसाहेब वाढल्या, गाडी वाढली नाही. गुडघे हनुवटीस भिडले, पाय जमिनीस घासू लागले, आणि अंग घसरोन घसरोन बाईसाहेबांस गाडीचे छत तेवढे दिसे. ऐसे चालले असता एके मंगळवारी औषधांचे दुकानासमोर पदपथावरून उतरताना पुढील उजवे चाक कोणास न पुसता चाकरी सोडोन गटारात दाखल जाहले. मग मातोश्रींनी सव्वीस किलोंच्या बाईसाहेब कडेवर घेतल्या, औषधांची पिशवी दातांत धरिली, आणि घर गाठिले. दोन दिवस कंबर धरोन निजल्या. त्या दिवसापासून बाहेर जाणे खुंटले. बाईसाहेब रोज चार वाजता बूट मांडीवर घेवोन दाराशी बसत आणि दिवे लागले म्हणजे बूट आपल्या हाताने जागेवर ठेवीत. ऐसे अकरा दिवस जाहले. बारावे दिवशी मातोश्रींच्याने ते पाहवेना, आणि स्वयंपाकघरात मसलत बसली.

पिताजी म्हणाले, "उचलून नेऊ की तिला. मी आहे ना."

मातोश्री म्हणाल्या, "तू आहेस. तिची उंचीपण आहे. आणखी दोन वर्षांनी कोण कुणाला उचलणार?"

यावर गाडी आणल्यावाचून स्वस्थ बसणे नाही ऐसा निश्चय ठरोन दुसरे दिवशी कूच केले.

पहिला मोर्चा बाळांच्या सामानाचे मातबर दुकानावर लागला. तेथील विक्रेता नम्र, तरणा, गळ्यात नावाची पट्टी. त्याने अदबीने पुसिले, "बाळ किती महिन्यांचं आहे?"

मातोश्री म्हणाल्या, "एकशे चौदा."

विक्रेता बोटांवर हिशेब करू लागला, मध्येच थांबला, आणि सर्वांत थोरली गाडी काढोन घेवोन आला. भला माणूस, परंतु गाडी बावीस किलोंचीच धनी. बाईसाहेब तीत अर्ध्या मावल्या, अर्ध्या बाहेर राहिल्या. मग विक्रेत्याने बाहेर येवोन मोटारीचे दार उघडोन धरिले आणि फौज माघारी फिरली.

दुसरा मोर्चा दवाखान्याचे सामान विकणाऱ्या वृद्ध गृहस्थांकडे गेला. त्यांजपाशी चाकांच्या खुर्च्या नानापरीच्या. पहिलीत बाईसाहेब सुपात एक दाणा राहावा तैशा राहिल्या. दुसरी लहान होती, परंतु निखळ पोलादाची, आणि ती मोटारीत मावते की नाही हे पाहणे प्राप्त जाहले. पिताजींनी ती उभी घातली, आडवी घातली, चाके वर करोन घातली. ज्यांनी शेकडो लोकांस उलटी मोटार लावणे शिकविले, त्यांस उलटी खुर्ची लावता येईना. इतक्यात बाईसाहेबांस तीत पुन्हा बसवू गेले, तो त्या फळी जाहल्या. दोन माणसांनी गुडघे वाकवू पाहिले, वाकले नाहीत. मोहीम तेथेच आटोपली.

फौज मोटारीत बसोन परतली. मग मातोश्रींनी व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंस फोन लाविला. त्या बाई अनुभवाच्या, आणि उगाच धीर देण्याची त्यांस सवय नव्हती.

त्या म्हणाल्या, "बाळाची गाडी आता पुरायची नाही, आणि सारखी खुर्चीपण नको तिला; चालते ना ती थोडी. मोठ्या मुलांसाठी वेगळी गाडी येते, पाठीला आधार असलेली. पण नवीन मागवली तर चार महिने थांबावं लागेल. चौकातल्या बेकरीच्या बाई आहेत ना, त्यांच्याकडे एक नुसती उभी आहे. आधी माप घ्या, मग जा."

माप घेणे हे मातोश्रींचे वतनच. टेप निघाला, कंबरेमागून गुडघ्याचे खोबणीपर्यंत, खोबणीपासून टाचेपर्यंत, खांद्यापासून बैठकीपर्यंत सारे मोजिले. टेपाचे एक टोक बाईसाहेबांनी तोंडात धरोन ठेविल्यामुळे खांद्याचे माप तीन वेळा घ्यावे लागले. मग आकडे खडूने कापडाचे चिंधीवर लिहोन शनिवारी दुपारी फौज बेकरीवर पातली.

बेकरीच्या बाई दंडापर्यंत पिठात होत्या. त्यांचा लेक चौदा वर्षांचा, आता विजेचे खुर्चीत फिरणारा. त्यांनी हात पुसोन मैद्याच्या पोत्यांमागून गाडी ओढोन काढिली: निळी, एका बाजूस ठिगळाची, पाच पट्ट्यांची, रुंद चाकांची, पाठ उंच. बाळाचे गाडीसारखी ती अंशमात्रही दिसत नव्हती. मातोश्रींनी माप धरिले; चिंधीवरील सारे आकडे जुळले, पाय टेकावयाची पट्टी तेवढी चार बोटे खाली. काम फत्ते जाहल्यासारखेच होते. तरी मातोश्री टेप गुंडाळीत राहिल्या, आणि पुन्हा उलगडीत राहिल्या.

बेकरीच्या बाई हे पाहोन म्हणाल्या, "छोट्या गाडीत लांबून बाळच वाटायचं ना?"

मातोश्रींनी मान हलविली.

"मलापण तसंच वाटायचं. ही घेतली की सगळ्यांना कळणार, असं. म्हणून मी एक वर्ष घालवलं. वर्षभर पोराला घरात ठेवलं मी." बाईंनी गाडीवरील मैदा झटकला. "लोक बघतात. पंधरा दिवस बघतात. मग त्यांना दुसरं काही मिळतं."

मातोश्रींनी डोळ्यांस पदर लाविला नाही, कारण त्या पँट-शर्टात होत्या. टेप मात्र खिशात घातला. आणि पिताजींस हुकूम सोडिला की पट्टी वर घ्यावी.

तो पट्टीचा मळसूत्री खिळा गंजोन अडला होता. पिताजींनी बेकरीचे तेल मागोन घेतले, थेंब थेंब सोडिले, सबुरीने फिरविले, आणि खिळा वश जाहला. मग त्यांनी ऐसे सांगितले की ब्रेक तपासल्यावाचून लेकीस बसविणार नाही. त्यावरून पंचवीस किलो मैद्याचे पोते गाडीत बसविले, त्यास पाचही पट्टे बांधिले, आणि बेकरीबाहेरील उतारावर स्वारी निघाली. बसथांब्यावरील लोक तटस्थ जाहले. पिताजी अर्ध्या उतारावर ब्रेक दाबोन हात सोडीत, पोते जागचे हलत नसे, मग पिताजी पोत्यास शाबासकी देत. ऐसे चार वेळा जाहले, आणि पाचवे वेळेस बेकरीच्या बाईंनी मैदा परत मागितला.

मग बाईसाहेबांस उचलोन आणिले. बैठक टेकली, पाठ टेकली, पाय पट्टीवर सपाट उतरले. बाईसाहेबांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले, समोर पाव मांडलेल्या कपाटाकडे फार वेळ पाहिले. मग हात उचलोन छातीवर दोनदा थोपटिला. आणि थांबोन आणखी एकदा.

मातोश्री म्हणाल्या, "कधी परत करायची?"

बेकरीच्या बाई म्हणाल्या, "परत नको. हिला लहान झाली की पुढच्या कुणाला द्या. फक्त ठिगळ नीट शिवा, मला शिवण येत नाही."

घराचे फाटकाशी शेवटचा अटकाव जाहला. खालचे मजल्यावरील काका, निवृत्त, सल्ला देण्यास सदैव मोकळे, दारात उभे होते. म्हणाले, "एवढी मोठी मुलगी आणि गाडीत? चालवा की तिला."

या सवालाचे जबाब मातोश्रींनी सहा वर्षे घासोन, धार लावोन ठेविले होते. त्यांतील एकही त्यांनी काढिला नाही.

"दमते ती, काका. जरा दार धरता? गाडी रुंद आहे."

काकांनी दार धरिले. धरिल्यावर चाक अडकू नये म्हणोन पायपुसणेही उचलिले. आणि तेव्हापासून गाडीचा आवाज आला की ते आपणहून बाहेर येतात.

दुसरे दिवशी रविवारी चार वाजता पहिली स्वारी निघाली. सहा वर्षे रिवाज ऐसा होता की फाटकातून निघोन उजवीकडे बागेस जाणे. मातोश्री सवयीने तिकडेच वळल्या. तो बाईसाहेब, ज्यांस जुने गाडीतून छतापलीकडे रस्ता दिसत नसे, त्यांनी हात लांब करोन डावीकडे बोट केले. मातोश्री म्हणाल्या, "तिकडे काही नाही गं." बोट हलले नाही. पिताजी म्हणाले, "चल, बघू तरी." आणि गाडी डावीकडे फिरली.

दोन चौक ओलांडिल्यावर मोटारी धुण्याचा कारखाना लागला. निळे गोंडे गरगर फिरत होते, फेस उडत होता, मळकी मोटार आत जावोन लखलखीत बाहेर येत होती. बाईसाहेबांनी हात उंच करोन थांबण्याचा इशारा केला. पाऊण तासात तेरा मोटारी धुतल्या गेल्या, आणि तेराही त्यांनी ताठ बसोन जातीने तपासोन सोडिल्या. मातोश्री व पिताजी कठड्यावर टेकोन उभे राहिले. कोणाची कंबर दुखली नाही.

येणेप्रमाणे गाडी हस्तगत जाहली आणि डावीकडील मुलूख राज्यात सामील जाहला, हे लिहोन ठेविले असे.