पुंगळीकोठीस सुतक आलें त्याची हकीकत

कुलस्वामिनी प्रसन्न असो, ऐकणारांस आयुष्य व लिहिणारास शाई पुरो. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरीं एका राज्यीं जें वर्तलें तें येणेंप्रमाणें.

महाराजांच्या तीर्थरूपांनीं पूर्वीं हुकूम केला होता कीं, नवें पिस्तुल विकावें तर दुकानदारानें आधीं एक बार उडवावा आणि त्याची रिकामी पुंगळी मोहोरबंद थैलींत घालून राजधानीच्या कोठींत धाडावी. कारण कीं, माणसामाणसाचा अंगठा निराळा, तसा पिस्तुलापिस्तुलाचा पितळेवरचा ओरखडा निराळा, आणि कोठें खून पडल्यास तेथील पुंगळी कोठींतल्या पुंगळीशीं ताडून पाहावी. हुकूम उत्तम. परंतु वर्षें लोटलीं, एक खुनी सांपडला नाहीं, आणि दरबारी मंडळी हंसों लागली कीं, इतक्या पितळेचीं घंगाळीं ओतलीं असतीं तर निदान अंघोळी तरी जाहल्या असत्या.

मग वैशाखमासीं घाटनाक्यावर एक व्यापारी गोळी लागून मयत जाहला, जवळच एक पुंगळी सांपडली, आणि आळ आला नाक्याचा पहारेकरी रायाजी धुमाळ याजवर. त्याचें पिस्तुल थोडे दिवस आधीं नावेंतून नदींत पडलें होतें, परंतु तें कोण खरें मानितो? फांशीचा दिवस नेमिला. तेव्हां त्याची बायको गजराबाई दरबारीं येऊन बोलली, "महाराज, पिस्तुल पाण्यांत गेलं, पण त्याची पुंगळी तुमच्याच घरांत आहे. ती बघा, मग काय तें करा."

महाराजांनीं कोठीवाले आबाजी सोनटक्के यांस पाचारिलें. आबाजी बहुत निष्ठावंत. त्यांनीं ओरखडा कसा असतो तें दाखवावयास आधीं नमुन्यादाखल जुन्या थैल्या उघडल्या, तों पुंगळ्या समईसारख्या लखलखीत, ओरखडा म्हणून नाहीं. पारखी कपाळास हात लावून बसले. महाराजांनीं पुसिलें, "आबाजी, हें काय केलेंत?"

आबाजी बोलिले, "महाराज, शस्त्राचें अंग तें शस्त्रच. दर खंडेनवमीस वर्षाचा नवा माल चिंचेनें, राखेनें घासून, कुंकू लावून, पूजून परत शिवितों. पारोसा कसा ठेवूं?"

दरबारी मंडळी पुनः घंगाळ्यांचें बोलूं लागली. मग आबाजी ओशाळून बोलिले, "एक अपराध मात्र घडला. गेल्या नवमीच्या तोंडावर आमच्या चुलती बयोकाकू वारल्या, सुतक आलें, पूजा राहिली. त्या सालचें पोतें तसेंच पारोसें पडलें आहे. क्षमा असावी."

गजराबाई पुढें होऊन म्हणाली, "काका, आमच्या माणसानं पिस्तुल गेल्या श्रावणांतच घेतलं."

मग पोतें आणविलें आणि रायाजीच्या नांवाची थैली निघाली, मोहोर साबूत. पारख्यांनीं भिंग लावून दोन्ही पुंगळ्या ताडिल्या आणि बोलिले कीं, व्यापाऱ्यास लागलेली गोळी या पिस्तुलाची नव्हे. बहुत आनंद जाहला. रायाजीची बेडी तेथेंच तोडिली, खऱ्या मारेकऱ्याच्या शोधास स्वार निघाले, आणि घंगाळ्यांचा विषय कोणीं पुनः काढिला नाहीं. आबाजींस कोठीवरच ठेविलें. मात्र पूजा करणें ती दाराची करावी, असा हुकूम जाहला.

सारांश, तीर्थरूपांचा हुकूम खरा होता, तो बयोकाकूंच्या सुतकानें कळला. काकूंच्या वर्षश्राद्धास गजराबाई न बोलावतां पहांटेच आली, पदर खोंचून वरण रांधावयास बसली, आणि रायाजी पंगतींत शेवटपर्यंत वाढीत होता. येथें लेखणी धुतली.