वारेगडच्या ताटाची हकीगत

॥ श्री ॥ चुलीवरली अन्नपूर्णा प्रसन्न असो, तिचे कृपेने लेखणी चालो. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित् नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. वडील मंडळींनी पुसिले की वारेगडावर महागाईची भर कैसी गेली आणि कैसी आली, ते यथामति लिहितो. खोटे लिहीन तर उद्याची भाकर गोड लागणार नाही.

राज्य थोर, गड किल्ले उदंड. कोणी समुद्रात, कोणी मैदानी, कोणी डोंगराचे माथी. शिपायाचा महिन्याचा मुशाहिरा सर्वत्र एकच. परंतु मैदानी जे मीठ मूठभर मिळे ते डोंगरी चिमूटभर मिळे, म्हणोन शिपाई लोक कष्टी जाहले. मग महाराजांनी दया करून हुकूम केला की जेथे जिन्नस महाग तेथे मुशाहिऱ्यावर महागाईची भर द्यावी. आता महाग कोठे आणि स्वस्त कोठे, हे कोणी सांगावे? वाणी सांगेल तर वाण्याचे सोयीचे, किल्लेदार सांगेल तर किल्लेदाराचे सोयीचे. तेव्हां दरबारातील एक वृद्ध मुत्सद्दी बोलिले, "माणूस खोटे बोलेल, ताट बोलणार नाही. सरकारी पाहणीदार पाठवावा, त्याने शिपायाचे घरी एक वेळ जेवावे, आणि ताट पाहून भर ठरवावी." सर्वांनी माना डोलाविल्या आणि वाहवा केली. ज्यांनी माना डोलाविल्या त्यांतील एकाचेही घरी पाहुणा येता शेजारी तूप मागावयास जावे लागत नसे, हे येथे सांगणे प्राप्त आहे.

पाहणीस येमाजी गवारे नेमिले. मनुष्य सच्चा, जेवणारा बरा, कपटाचे वारे नाही. ते प्रथम शिंपलकोटास गेले. हा कोट समुद्रात, दाराशी गलबते लागतात, मासळी फुकट, तांदूळ स्वस्त. परंतु तेथील मंडळी बारा बंदरचे पाणी प्यालेली. त्यांनी सुरमई मडक्याखाली झाकून ठेविली, पाहणीदारांपुढे कोरडी भाकर आणि मिरची ठेविली, आणि वर डोळ्यांस पदर लाविला. येमाजींस गहिवर आला, आणि शिंपलकोटास दांडगी भर मिळाली. मग ते वारेगडास निघाले.

वारेगड म्हणजे आभाळाचा शेजार. बैल मेटापर्यंत, म्हणजे निम्म्या चढावरील चौकीपर्यंत, पुढे सर्व माणसाचे डोकीवर. तेलाचा बुधला वर येईतो त्याचे मोल दुप्पट होई, आणि पावसाळ्यात तर मोल देऊनही मिळत नसे. तेथे हवालदार सटवोजी ढमाले आपली बायको हौसाई आणि धाकटी लेक यांसह राहत. नित्याचे जेवण नाचणीची आंबील. पाहणी होईतो नुसत्या अंदाजाने मिळे ती थोडकी भर होती, तिजवर मीठ आणि कधीमधी गूळ येई, आणि तेवढ्यावर घर टिकून होते. पाहुणे येणार हे ऐकताच सटवोजींची छाती फुगली. ते बोलिले, "सरकारचा माणूस आपल्या उंबऱ्यात येतो, गडाची अब्रू आहे." मग सारा गड लागला. एकीने बारशासाठी राखलेले तांदूळ दिले, एकाने तुपाची लोटी दिली, म्हाताऱ्या नाईकाने औषधाचा गूळ दिला, आणि कोंबडी कोणाची ती अद्याप कळली नाही. येमाजी जेवले, तृप्त जाहले, आणि पुसते जाहले, "हवालदार, नित्य ऐसेच असते काय?" सटवोजींनी मिशीवर हात फिरविला आणि म्हणाले, "सरकारचे कृपेने काही कमी नाही." दाराआडून हौसाई बोलली, "अहो..." तोच सटवोजींनी डोळे वटारिले. येमाजींनी लिहिले की येथे सुबत्ता आहे, आणि होती ती भरही गेली. हाय हाय! शत्रूने वेढा घालून जे साधले नसते ते एका कोंबडीने साधले.

भर गेल्यावर गडावरील घरे एक एक करून रिती होऊ लागली. किल्लेदारांनी सांगितले की ज्यास कुटुंब पोसवत नाही त्याने बायकापोरे खाली गावी धाडावी, शिपाई मात्र गडावर राहावा. नाईकाची सून गेली, तटावरल्या गोलंदाजाची बायको तान्हे घेऊन गेली. हौसाईची पाळी शिमग्यानंतर ठरली. लग्न होऊन या गडावर आली तेव्हां दाराशी नुसता कातळ होता. तिने खालून पाटीपाटीने माती आणून तेथे भाजीचा वाफा केला होता, आणि आता तोच वाफा शेजारणीस सांभाळावयास सांगत होती. सटवोजी हे दुरून पाहत. एके दिवशी म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, हौसा. मी काय वाईट केले?" ती म्हणाली, "मूठ झाकलीत खरी. पण त्या मुठीत लेकीचा घास होता, तो नाही पाहिलात." ह्यावर हवालदार तटावर जाऊन बसले आणि दुपारचे जेवावयास आले नाहीत.

मग माघात वर्दी आली की येमाजी फिरून पाहणीस येतात. सटवोजी उठले आणि सवयीने तुपाची लोटी मागावयास पायांत जोडे घालू लागले! काय म्हणावे या मनुष्यास? हौसाई आडवी जाहली. "यंदा जे आपण खातो तेच वाढायचे."

"पाहुण्यास आंबील? माझ्या बापजाद्यांत कोणी केले नाही."

"बापजाद्यांच्या बायका गड सोडून गेल्या नव्हत्या. वाढा तूप, वाढा कोंबडी. पाहुणा जेवून ज्या दाराने जाईल, त्याच दाराने त्याच्यामागे मी आणि लेक जाऊ."

हवालदारांनी जोडे काढिले. तलवारीचे वार ज्यांनी छातीवर घेतले त्यांनी त्या दिवशी आंबिलीची वाटी तोंड फिरवून ठेविली. ताटात आंबील, मिठाचे दोन खडे आणि कांद्याची फोड. सटवोजी खाली मान घालून बसले आणि त्यांचे डोळ्यांतून पाणी आले, ते त्यांनी धुराचे म्हणोन पुसिले. येमाजींनी वाटी संपविली आणि रीतीप्रमाणे म्हणाले, "आणखी थोडी वाढा." हौसाईने मडके आणिले आणि त्यांचेपुढे कलते केले. आत काही नव्हते.

येमाजींनी मडक्यात वाकून पाहिले. मग त्यांनी पुसिले, "हवालदार, मग गेल्या खेपेचे ताट कोणाचे?"

सटवोजी बोलिले, "अवघ्या गडाचे होते. आपल्या एकट्यास वाढले."

हे ऐकोन येमाजी तसेच गड उतरले. मग दरबारी जाऊन सारे निवेदन केले, आणि शिंपलकोटी दुसऱ्या पाहणीत मडक्याखालची सुरमईही वासावरून कळली होती, तीही सांगितली. म्हणाले, "महाराज, ताट खोटे बोलत नाही, पण आपल्या मुलखात पाहुण्याचे ताट घरच्याचे नसते. हे आमच्या ध्यानी आले नाही, आणि बायकापोरे गड उतरली." महाराज खिन्न जाहले. वारेगडास भर आली, गेली होती ती आणि वर वाढीव, आणि हुकूम जाहला की यापुढे पाहणीदाराने न कळविता जावे, लेकरांची ताटे पाहावी, आणि स्वतः पाण्याखेरीज काही घेऊ नये. नाईकाची सून परतली, गोलंदाजाचे तान्हे चालत वर आले. हौसाईने वाफ्यात मेथी पेरली आणि पहिले भरीतून गूळ आणोन येमाजींस जेवणाचे बोलावणे धाडिले. उत्तर आले, "बाई, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. या कामावर आहे तोवर तुमचे घरचे गोड मला वर्ज्य."

वर्षे गेली. येमाजींनी काम सोडिले, केस पांढरे जाहले, आणि एके सकाळी काठी टेकीत, वाटेत पाच ठायी बसत, ते वारेगड चढोन आले. दाराशी उभे राहोन म्हणाले, "आज मी कोणी नाही. वाढा." हौसाईने पुरण घातले. येमाजी जेवले, आणि पुसिले, "हवालदार, नित्य कैसे चालते?" सटवोजींनी मिशीवर हात नेला, मग मागे वळोन दाराकडे पाहिले. हौसाई दाराआडून बोलली, "सांगा की, आता खरे आहे." तेव्हां सटवोजी म्हणाले, "काही कमी नाही." येमाजींनी आणखी मागितले आणि हौसाईने वाढिले.

तात्पर्य इतुकेच की ज्या राज्यास शिपायाचे घर कळावयाचे असेल त्याने तेथे पाहुणा होऊन जाऊ नये, आणि काम सरल्यावर पाहुणा होऊन जावयास विसरू नये. इति वारेगडचे वर्तमान, जैसे ऐकिले तैसे लिहिले.