आर्जिनीन सरदाराचे हातमिळवणीचे प्रकरण

ज्ञानविलासी, रसिकशिरोमणी, फुरसतसंपन्न वाचकसाहेबांचे हुजुरास. आपण पुसिले की, दुसऱ्या मजल्यावरील प्रयोगशाळेत त्या दुपारी ऐसा काय प्रळय जाहला, की शेजारच्या खोलीतील मंडळी हातातले कप तसेच घेऊन दाराशी जमली. त्यास जे वर्तले ते सविस्तर, तिखटमीठ बेतानेच लावोन, सादर करितो. मन घालोन ऐकावे, आणि मध्येच मोबाइलात डोके खुपसाल तर पुढे काही न समजल्याचा दोष आमचेकडे नाही.

प्रथम मुलुखाची माहिती. प्रथिन म्हणोन जे सूक्ष्म संस्थान शरीरात नांदते, ते अमिनो आम्लांची लांब साखळी होय. आणि साखळी सरळ राहील तर शपथ, ती वळते, दुमडते, आणि खिशात कोंबलेल्या इयरफोनच्या वायरीसारखी होऊन बसते. मग साखळीत दूरदूर असणारी आम्ले एकमेकांचे पुढ्यात येतात, आणि कोणी कोणाचा हात धरितो, त्या बळावर अवघे संस्थान उभे राहते. ऐशा प्रत्येक आम्लास शास्त्राचे दफ्तरी 'अवशेष' म्हणतात. अष्टौप्रहर राबणाऱ्या धडधाकट सरदारास अवशेष म्हणावे, हा कोठला न्याय, ते नाव ठेवणारासच ठाऊक. कोण अवशेष कोणास शिवला याची टेहळणी करणे, यास संपर्कांचे विश्लेषण ऐसे भारदस्त नाव आहे, आणि त्या कामगिरीवर धाकटीची नेमणूक होती.

धाकटी म्हणजे पीएचडीची विद्यार्थिनी. चष्मा डोक्यावर चढवोन घरभर चष्माच शोधणारी, परंतु कामास वाघीण. तिजवर दादा, हे संगणकाचे किल्लेदार, स्वभावे प्रेमळ, संकटसमयी चपळ, म्हणजे पळण्यास चपळ. आणि सर्वांवर खासे गुरुवर्य, ज्यांची मर्जी सांभाळता सांभाळता भल्याभल्यांचे नाकी नऊ आले.

पेच ऐसा पडला. धाकटीने प्रथिनातील आर्जिनीन नामे लांब हाताचा सरदार काढोन त्याचे जागी एक आखूड, बापुडे आम्ल बसविले, आणि नळी जराशी कोमट करिताच सारे प्रथिन ढासळोन दह्यासारखे जाहले. पुन्हा केले, पुन्हा दही. यावरून तिचे मनाने घेतले की, हा सरदार कोणाचा तरी हात धरोन उभा आहे, तो निघताच बुरूज कोसळतो. परंतु संगणकास पुसावे तर तो म्हणे, आर्जिनीन एकटा, कोणास शिवत नाही. आणि खुद्द गुरुवर्यांनीही ऐन जवानीत, याच प्रथिनावरील आपल्या पहिल्या शोधनिबंधात, हा सरदार 'एकटा व निरुद्योगी' ऐसे लिहिले होते. तो निबंध चौकटीत घालोन बैठकीचे खोलीत भिंतीवर टांगलेला. मग फर्मान सुटले की, आज दुपारचे बैठकीत संपर्क दाखवावा, न दाखविल्यास प्रबंधाचे प्रकरण तिसरे रद्द, आणि धाकटीने नवे प्रथिन घेऊन मुळापासून आरंभ करावा. मुळापासून आरंभ म्हणजे आजवरची अवघी मेहनत मातीत.

इतक्यात मातोश्रींचा फोन आला.

"अगं, आहेस कुठे? सकाळपासून लावतेय, ती बाई सारखी म्हणते संपर्क क्षेत्राच्या बाहेर!"

"मी पण संपर्कच शोधतेय गं आई."

"म्हणजे? तुलाही रेंज नाही का? आणि मावशी विचारत होती, डॉक्टर झाली का म्हणून. मी सांगितलंय, झालीच समज."

धाकटी मनात म्हणाली, समजून चाला, समजण्यास काय जाते. आणि आई वेळेवर जेव म्हणे त्यास हो म्हणोन, न जेविता, मोहिमेस निघाली.

पहिला हल्ला अंतराच्या नियमावर जाहला. दस्तूर ऐसा की, दोन अवशेषांचे अणू साडेचार अँगस्ट्रॉमांचे आत आले तरच संपर्क मानावा. आणि अँगस्ट्रॉम म्हणजे किती, तर केसाची जाडी घेऊन तिचे लाख भाग करावे, त्यातला एक भागही कैक अँगस्ट्रॉम भरतो. धाकटीने ही मर्यादा पाच केली, सहा केली, आर्जिनीन ढिम्म. मग हट्टास पेटोन थेट वीस केली, आणि काय आश्चर्य, आर्जिनीनास सोयरे मिळाले, परंतु सोबत इतरांसही मिळाले, अवघ्यांची अवघ्यांशी सोयरीक जुळोन पडद्यावरचा नकाशा काळाठिक्कर पडला. दादांनी मागून डोकावोन पाहिले.

"एवढं अंतर धरलंस तर मीसुद्धा त्या प्रथिनाच्या संपर्कात आहे," दादा म्हणाले.

येणेप्रमाणे पहिली शिकस्त जाहली.

मग धाकटी चिडली, आणि चिडली की ती फार हुशार होते, हे तिचे घरचे सर्व जाणतात. तिने चित्रे सोडिली, नकाशे सोडिले, आणि जगाचे सार्वजनिक कोठारातून प्रथिनाची मूळ फाइल आणवोन अक्षर अक्षर वाचू लागली. एकेक ओळ म्हणजे एकेक अणू, त्याचे नाव, त्याचा ठिकाणा. वाचिता वाचिता आर्जिनीनापाशी आली, तो पाहते तर हाताचे अणू दोनदा लिहिलेले! एकदा पुढे 'ए', एकदा 'बी'. तिने डोळे चोळले, चष्मा डोक्यावरून खाली आणिला, तरी दोनदाच. मर्म ऐसे की, ज्यांनी स्फटिकावरून हे प्रथिन टिपिले, त्यांस हा हात कधी इकडे, कधी तिकडे दिसला, म्हणोन त्या प्रामाणिक माणसांनी दोन्ही ठिकाणे नोंदविली. 'ए'मध्ये सरदाराने हात आखडता घेतला होता, पाण्यात नुसता लोंबत होता, आणि 'बी'मध्ये? 'बी'मध्ये तो साखळीच्या पार दुसऱ्या टोकाकडील ॲस्पार्टेट नामे आम्लाचे हातात हात घालोन बसला होता. एकाचा विद्युतभार धन, दुसऱ्याचा ऋण, जोडा कसा ठसठशीत!

आता प्रश्न उरला की, हे संगणकास का दिसले नाही. आणि उत्तर सुचताच धाकटीची पाचावर धारण बसली. प्रयोगशाळेचा रिवाज ऐसा की, येणारी प्रत्येक फाइल आधी 'झाडू'खालून जावी. झाडू म्हणजे फायली साफ करणारा लहानसा प्रोग्राम. तो पाण्याचे रेणू झाडतो, आणि कोणताही अणू दोनदा दिसला की दुसरी प्रत कचरा समजोन फेकतो. आणि हा झाडू लिहिला होता गुरुवर्यांनी, त्याच पहिल्या निबंधासाठी, स्वहस्ते. तेव्हापासून त्यास कोणी बोट लाविले नव्हते.

"झाडूला हात लावायचा नाही," दादा कुजबुजले. "सरांनी स्वतः लिहिलाय तो."

"मग मी सरांना सांगू?"

"सांग की. मी तेव्हा चहा आणायला गेलेलो असेन."

आणि बोलल्याप्रमाणे गेलेच.

बैठक भरली. धाकटीचे मनात येई की गप्प राहावे, नवे प्रथिन घ्यावे, निदान मर्जी तरी राहील. परंतु त्या दोन हातांची गाठ डोळ्यांपुढून हलेना, आणि खरे पाहिल्यावर खोटे बोलण्याचे कसब तिजपाशी मुळीच नव्हते. तिने झाडू न फिरविलेली फाइल पडद्यावर लाविली, अंतर मोजोन दाखविले, तीन अँगस्ट्रॉमांहूनही कमी. गुरुवर्य खुर्चीत पुढे सरकले.

"मग इतके दिवस का दिसलं नाही?"

"झाडूने टाकलं, सर. दुसरी प्रत म्हणून."

"कुठल्या झाडूने?"

"आपल्या," धाकटी म्हणाली, आणि मग, आता जे होईल ते होवो म्हणोन, "तुमच्या, सर."

गुरुवर्यांनी एकवार पडद्याकडे पाहिले, एकवार भिंतीवरच्या चौकटीकडे, आणि ऐसे ताडकन उठले की खुर्ची मागे धाडदिशी पडली. तो आवाज ऐकोनच शेजारची मंडळी धावत आली. दादाही चहाचा ट्रे घेऊन दारातच थिजले. सर्वांस वाटले, आता धाकटीची धडगत नाही.

"म्हणजे आयुष्यभर मी याला एकटा म्हणत आलो," गुरुवर्य हळूच म्हणाले, "आणि याचा हात मीच कापला होता?"

धाकटीस रडूच आले; ते भीतीचे की आणखी कशाचे, तिचे तिला कळेना. मग गुरुवर्यांनी स्वतः खुर्ची उचलोन जागी ठेविली, आणि हुकूम फर्माविला तो ऐसा: प्रकरण तिसरे कायम, झाडू आजपासोन बडतर्फ, जुन्या सर्व फायली पुन्हा तपासाव्या, आणि धाकटीने प्रबंधात स्पष्ट लिहावे की, पूर्वीचे विधान चुकीचे, आणि ते कोणाचे हेही नावानिशी लिहावे, संकोच करू नये.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. आर्जिनीन व ॲस्पार्टेट यांचा संपर्क शाबीत, प्रकरण मंजूर, बुरूज शाबूत, चहा मात्र थंड. प्रकरणाचे शेवटचे पानावर, जेथे गुरुवर्यांचे विधान खोडले आहे, तेथेच खाली त्यांनी खुद्द मान्यतेची सही केली, आणि सही करिता करिता धाकटीस म्हणाले, "जरा ठळक लिही ना गं, लोकांना वाचता यायला हवं."