माझ्या हातचं दार

मी दाराची बाजू बदलायचं ठरवलं, एवढंच. पुढे जे झालं त्याची जबाबदारी मी घेत नाही.

आमची ही इंटरनेटवर डायरी लिहिते. आधी वहीत लिहायची, तेव्हा वही कपाटात कुलूपबंद असायची. आता सगळ्या जगाला वाचू देते, फक्त मला दाखवत नाही. (मी चौथीपर्यंत शिकलो. वाचतो, पण सावकाश. माझं एक पान वाचून होईपर्यंत तिची तीन लिहून होतात.) तिच्यासारखे डायरी लिहिणारे चौदा जण आमच्या घरी जमणार होते. कोणी कोणाला पाहिलेलं नाही, पण कोणाचा गुडघा दुखतो आणि कोणाचं सासूशी पटत नाही, हे सगळ्यांना पाठ.

आदल्या दिवशी मी सुनेला म्हटलं, "माझ्याबद्दल काय लिहिलंय त्यात? वाच बरं."

तिने आढेवेढे घेतले आणि मग वाचलं, "'आमच्या ह्यांच्या हाताला अजून तोड नाही. डोक्याचं विचारू नका. सकाळी केलेलं दुपारी विसरतात.'"

चाळीस वर्षं सुतारकाम केलं. एवढ्या वर्षांत कोणी मला असं बोललं नव्हतं. मी तडक स्वयंपाकघरात गेलो.

"उद्या दिवसभरात मी काहीही विसरलो नाही, तर 'माझं चुकलं' असं डायरीत लिहायचं. सगळ्यांना दिसेल असं."

"लिहीन की," ती म्हणाली. "दूध बघतो म्हणाला होतात. उतू गेलं."

"उद्याचं म्हणतोय मी!"

आमची बैठकीची खोली लहान आणि तिला एकच दार. दार आत उघडायचं आणि दोन खुर्च्यांची जागा खायचं. सकाळी सगळे उठायच्या आत मी ते उतरवलं, चौकटीची पट्टी काढून आतल्या अंगाला ठोकली, बिजागऱ्या फिरवल्या. आता दार बाहेर उघडत होतं. कडेने कागदसुद्धा सरकणार नाही, इतकं घट्ट बसलं. पंधरा खुर्च्या आरामात मावल्या. ती दारावरून हात फिरवून गेली. तो हात मी बघितला.

पाहुणे आले. दार सताड उघडं होतं.

"हेच का ते, चष्म्यावर बसलेले?" एका शिक्षिकाबाईंनी विचारलं.

"दोनदा," दातांच्या डॉक्टरांनी दुरुस्ती केली.

मी कोणालाच ओळखत नव्हतो, मला सगळे ओळखत होते. तरी डगमगलो नाही. कोणाचा चहा बिनसाखरेचा, कोणाचा बिनदुधाचा, चौदाच्या चौदा कप बरोबर हातात दिले. चार वाजले, एकही चूक नाही. मी तिच्याकडे असा बघत होतो की तिने तिथल्या तिथे लिहायला घ्यावं. ती रिकामे कप घेऊन निघाली आणि भांड्यांचा आवाज नको म्हणून जाताना दार लोटून गेली.

डॉक्टरांना फोन आला म्हणून ते उठले. मूठ धरून त्यांनी दार ओढलं.

"काका, दार अडकलंय."

मी ओढलं. दार हलेना. शिक्षिकाबाईंनी माझी कंबर धरली आणि आम्ही दोघांनी ओढलं.

"बाहेर उघडत असेल का?" कोपऱ्यातून एक नर्स हळूच म्हणाली.

"बाई, हे दार मी बनवलंय," मी म्हणालो. "माझं लग्न झाल्यापासून ते आत उघडतं."

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. चौकटीला पाय लावून त्यांनी असा हिसका दिला की मूठ त्यांच्या हातात आली. तिच्याकडे निरखून बघत ते म्हणाले, "मुळासकट निघाली."

तोवर बाकीच्यांनी फोन काढले होते. जो तो आपापल्या डायरीत लिहीत होता. स्वयंपाकघरात हिचा फोन एकसारखा वाजत होता. आपलेच पाहुणे आपल्याच घरात कोंडले गेलेत, हे तिला इंटरनेटवरून कळत होतं.

"मी दार फोडणाऱ्याला बोलावतो," बँकेतले साहेब म्हणाले.

हे मात्र मला सहन झालं नाही. मी कधी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी चढवला. "माझ्या दाराला परका हात लागणार नाही! ज्याला फोडायचंय त्याने आधी मला हलवावं!" असं म्हणून मी हात पसरले आणि दाराला पाठ टेकून सगळा भार दिला.

दार उघडलं.

मी बाहेर उताणा पडलो तो हिच्या पायाशी. हातात फोन घेऊन ती दाराशीच आली होती. वाकून तिने मला नीट बघितलं.

"सकाळी काय केलं होतंत?" तिने विचारलं.

मी उठून बिजागऱ्या तपासायला लागलो. आत चौदा जण टाळ्या वाजवत होते.

रात्रीच्या जेवणाआधी सुनेने मला हिची डायरी वाचून दाखवली. "'माझ्या माणसांना बसता यावं म्हणून ह्यांनी पहाटे उठून दार फिरवलं. लागलं नाही ना, असं मी चार वेळा विचारलं. बोलायला तयार नाहीत.'" एवढंच. 'माझं चुकलं' कुठेच नव्हतं. उलट दारावर आतून तिने मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावली होती, 'ढकला'.

मी ती काढून फेकून दिली. मला चिठ्ठी लागत नाही.

आज सकाळी नवी मूठ बसवायला आत गेलो आणि दार लावून घेतलं. मूठ इतकी पक्की बसली की अर्धा तास ओढूनही निघाली नाही. दारही निघालं नाही. मग खुर्चीवर बसून हे सगळं लिहून काढलं. शेवटी खिडकीतून वारा आला आणि दार आपोआप उघडलं.

मी कोणालाही हाक मारली नाही. हे तिने डायरीत लिहायला हरकत नाही.