नवरीच्या मामाचा टी-शर्ट

गेल्या वैशाखात, आमच्या मुलीच्या, रेवतीच्या, हळदीच्या दोन दिवस आधी, भंडाऱ्याच्या छपाईवाल्याला मी बारा पांढऱ्या टी-शर्टांचे अठराशे रुपये दिले. हजर होतो मी, माझी बायको सुनंदा आणि कोणी न बोलावता आलेले शालिकभाऊ. पैसे मोजून होईपर्यंत त्यांनी बाराही टी-शर्ट उलटे करून ठेवले होते. दुकानदार म्हणाला, “काका, छापा तर पाहू द्या त्यायले.” शालिकभाऊ म्हणाले, “पाह्यला मी. पहिले उलटा, मंग बाकीचं.”

शालिकभाऊ कारध्यातले आमचे शेजारी. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. “तीस वर्षं काळं ऑइल पाह्यलं, आता पांढरंच पाहीन,” असं म्हणून निवृत्तीपासून ते फक्त पांढरे टी-शर्ट घालतात. सगळे फुकट मिळालेले. धानाच्या बियाण्याचा एक, रक्तदान शिबिराचे तीन, क्रिकेट स्पर्धेचा एक. प्रत्येकाचा छापा कालच छापल्यासारखा. रक्तदानाच्या टी-शर्टासाठी ते रक्त देतात, अशी सुनंदाची शंका आहे.

आमच्या दोरीवर छापा बाहेर ठेवून कपडा दिसला की कुंपणावरून हात घालून ते तो उलटा करतात. पहिल्यांदा मी हटकलं, तर मलाच ऐकवलं, “मुनीमजी, छापा भाजून राह्यला न उन्हात. तुमाले दिसत नाही का जी?” मी राइस मिलमध्ये हिशेब लिहितो, म्हणून मुनीमजी. लग्न त्यांनी केलं नाही. भाऊ-बहीण कोणी नाही. घरात ते आणि दोऱ्या.

तर त्या बारा टी-शर्टांच्या पाठीवर नाती छापली होती. नवरीचे बाबा, नवरीची आई, असं. बारावा होता ‘नवरीचा मामा’. पण सुनंदाचा भाऊ पत्रिकेत आपलं नाव खाली छापलं म्हणून रुसला, तो हळदीलाही आला नाही आणि लग्नालाही. मांडवात त्याचा टी-शर्ट खुर्चीवर तसाच घडी घातलेला. सुनंदा त्या खुर्चीकडे पाहत नव्हती.

रेवतीनंच तो उचलला आणि शालिकभाऊंना दिला. “काका, हा घाला. आजपासून तुम्ही मामा.”

त्यांनी तो घातला, पण उलटा. हळद खेळताना छापा सांभाळायचा, असं त्यांचं म्हणणं. रेवतीनं तो सरळ करायला लावला आणि हळदीनं भरलेला अख्खा पंजा त्यांच्या छातीवर उमटवला. त्या माणसाच्या पांढऱ्यावर कोणी साधं बोटही लावत नसे. त्यांनी तो पुसलाही नाही. दुसऱ्या दिवशी भटजींनी मुलीच्या मामांना हाक मारली, तेव्हा रेवतीला हात धरून मांडवात तेच घेऊन आले. सुनंदा तेव्हा रडली. त्या दिवसापासून मी मुनीमजीचा भाऊजी झालो.

लग्नानंतर सुनंदानं टी-शर्टांना साबण लावला आणि पिवळे डाग लालभडक झाले. घरात खून झाल्यासारखी बादली दिसत होती. शालिकभाऊ धावत आले. “ताई, थांबा. साबणानं हळद चिडते. तिले ऊन दाखवा, आपोआप जाते.” पण ऊन छाप्याला वाईट, आणि उलटा केला तर डाग आत जातो. मग त्यांनी पाठीवरच्या प्रत्येक छाप्यावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवली, आणि डोक्यावर दुपट्टा घेऊन दोन दिवस अंगणात पट्ट्या भिजवत बसले. अकराही टी-शर्ट पांढरेशुभ्र निघाले. बाराव्याचं विचारलं तर म्हणाले, “माह्या मी पाहून घेतो.”

दिवाळीत भाऊबीजेला तोच रुसलेला साळा आला. राग गेला होता. जेवताना हसत म्हणाला, “भाऊजी, माझा टी-शर्ट कुठं आहे? फोटोत सगळ्यायच्या अंगावर दिसला.” सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांनी आलेल्या भावाला नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं होतं. मी शालिकभाऊंकडे गेलो.

मधल्या खोलीत, जिथं ऊन पोचत नाही, तिथल्या दोरीवर तो एकटाच होता. उलटा. माझं बोलणं अर्धं ऐकून त्यांनी तो काढला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिला. “त्यायचाच होय न जी. न्या.”

मी घडी उलगडून तो सरळ केला. छातीवर पाची बोटांसकट पिवळा पंजा होता.

“उन्हात नाही टाकला?” मी विचारलं.

“उन्हानं जाते न, भाऊजी,” ते म्हणाले. “साबणही नाही लावत. नुसतं पाणी.”

मी टी-शर्ट परत दोरीवर टाकला. छापा बाहेर आला होता, म्हणून काढून उलटा केला आणि पुन्हा टाकला.

दुसऱ्या दिवशी साळ्याला घेऊन भंडाऱ्याला गेलो आणि ‘नवरीचा मामा’ नवा छापून घेतला. शालिकभाऊ सोबत होतेच. एकच नग म्हणून दोनशे ऐंशी पडले. मी भाव केला नाही, छपाईवाल्याला रोख दिले. साळा छापा वाचणार, तेवढ्यात शालिकभाऊंनी टी-शर्ट उलटा करून त्याच्या हातात दिला.